अमेरिकेत मुलांना तपासणारी नर्स प्रॅक्टिशनर ‘एक वर्षाचा कोर्स’ केलेली असते का?

“तिकडे नातवाला डॉक्टरऐवजी नर्स प्रॅक्टिशनरने तपासलं तर नकार द्या, ती एक वर्षाचा कोर्स केलेली नर्स असते.” मुलं-नातवंडं अमेरिकेत असलेल्या घरांत हा मेसेज अनेक वर्षं फिरतो आहे. तो पाठवण्यामागे काळजीच असते. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन रुग्णांना स्वतः तपासणारी आणि उपचार करणारी नर्स.

एक वर्षाचं प्रशिक्षण खरंच असतं, पण ते येतं सगळ्यात शेवटी. आधी नर्सिंगचं शिक्षण आणि नोंदणी. त्यानंतर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, त्यात लहान मुलांच्या दवाखान्यात शेकडो तास काम. मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. हे सगळं झाल्यावर काही जणी साधारण वर्षभर अनुभवी लोकांच्या देखरेखीखाली काम करतात: वाढीचे टप्पे, लसी, दमा, किशोरवयीन मुलांचं नैराश्य. हे वर्ष ऐच्छिक आहे. ते न केलेली नर्स प्रॅक्टिशनरही पात्रच असते, पण नवख्या माणसाला त्याचा फार आधार होतो असं मला मनापासून वाटतं.

ती डॉक्टर नसते, हेही तितकंच खरं. बालरोगतज्ज्ञाचं शिक्षण अधिक लांबीचं असतं. नर्स प्रॅक्टिशनर सगळ्या राज्यांत औषधं लिहून देऊ शकते, मात्र काही राज्यांत त्यासाठी डॉक्टरशी करार लागतो.

खात्री करायची तर राज्याच्या नर्सिंग मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना पाहता येतो. नावापुढे ‘सीपीएनपी-पीसी’ असेल तर बालकांच्या प्राथमिक उपचारांची परीक्षा झालेली आहे. शेवटी ‘पीसी’ऐवजी ‘एसी’ असेल तर ती परीक्षा गंभीर आजारांच्या उपचारांची.