कुंडलिका : कोलाडच्या राफ्टिंगमागचे पाणी

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्या कातळातल्या डोहांपुरत्या उरलेल्या असतात. त्याच दिवसांत रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळ कुंडलिका नदी मात्र सकाळी अंगावर लाटा घेत धावते आणि पर्यटकांनी भरलेले रबरी तराफे तिच्या धारेतून खाली उतरतात. हा चमत्कार निसर्गाचा नाही. ज्या पाण्यावर हे तराफे चालतात त्यातले बरेचसे पाणी मुळात कुंडलिकेचे नाहीच. ते सह्याद्रीच्या माथ्यापलीकडच्या मुळा नदीचे आहे आणि त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

नदीचे मूळ ताम्हिणी घाटाच्या परिसरातल्या कड्यांत आहे. भिऱ्याच्या वर असलेला देवकुंड धबधबा कुंडलिकेचे उगमस्थान मानला जातो. पावसाळ्यात या कड्यांवरून कोसळणारे पाणी पश्चिमेकडे भिरा, कोलाड, रोहा असा प्रवास करत रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. माथ्यावर पडलेला पाऊस पाणलोटाच्या रेषेच्या अलीकडे पडला तर एका दिवसात समुद्र गाठतो; पलीकडे पडला तर मुळेतून पुण्याला, तिथून भीमेतून कृष्णेला आणि अखेर शेकडो किलोमीटर दूर बंगालच्या उपसागराला जातो.

नदीच्या मुखाचा इतिहास तिच्या उगमाकडच्या इतिहासाहून खूप जुना आहे. खाडीच्या उत्तरेला असलेले चौल हे प्राचीन बंदर. ग्रीक लेखकांनी त्याची नोंद ‘सेमुल्ला’ अशा नावाने केली आहे आणि शिलाहारांच्या काळातही ते भरभराटीला होते. १५०८ साली चौलच्या समुद्रात इजिप्तचे मामलुक आरमार आणि पोर्तुगीज यांच्यात लढाई झाली आणि तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पोर्तुगीजांनी पुढे रेवदंड्याला तटबंदी उभारली. खाडीच्या दक्षिण तोंडावरच्या कोर्लईवरही त्यांचा ताबा होता आणि १७४० मध्ये ही ठाणी मराठ्यांकडे आली. कोर्लई गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही टिकून आहे, ही गोष्ट मला किल्ल्याच्या बुरुजांहून अधिक मोलाची वाटते.

नदीचे रूप मात्र बदलले ते विजेमुळे. लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवून, ते घाटाखाली सोडून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची ही टाटांची योजना खोपोलीला १९१५ साली प्रत्यक्षात आली. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. तिसरी योजना मुळशीची होती. मुळेवर धरण बांधायचे, जलाशयाचे पाणी बोगद्यातून कड्याच्या धारेपर्यंत आणायचे आणि पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहावर सोडायचे, असा तिचा आराखडा होता. सह्याद्रीचा पश्चिम उतार इतका तुटलेला आहे की थोड्या पाण्यातही मोठी शक्ती मिळते. पूर्ववाहिनी नदीला पश्चिमवाहिनी करण्याचे कारण हेच.

पण मुळशीचे खोरे रिकामे नव्हते. आंबेमोहोर भातासाठी नावाजलेल्या या खोऱ्यातली पन्नासहून अधिक गावे धरणाखाली जाणार होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा देत मावळे शेतकरी बायकामुलांसह कामाच्या जागेवर बसले आणि काम काही काळ थांबले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. जगातल्या धरणविरोधी संघटित लढ्यांमध्ये हा अगदी सुरुवातीचा लढा होता. तो मोडण्याची कारणे केवळ सरकारी दडपशाहीत शोधून चालणार नाही. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि त्यांना नुकसानभरपाईत रस होता. जमीन कसणाऱ्याला ती राखायची होती आणि कागदावर मालकी असलेल्याला तिचे पैसे हवे होते. १९२४ च्या अखेरीस बापटांनी बांधकामाची रेल्वे अडवली, त्यांना दीर्घ कारावास झाला आणि लढा संपला. भिऱ्याचे वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले.

तेव्हापासून कुंडलिका बारमाही झाली. वीज करून बाहेर पडलेले पाणी, ज्याला इथे अवजल म्हणतात, वाया जात नाही. भिऱ्याखाली ते अडवून रावळजे येथील सरकारी वीजगृहात त्यावर पुन्हा वीज केली जाते. त्याखाली डोलवहाळ बंधाऱ्यावरून ते कालव्यांत वळवले जाते आणि रोहा, माणगाव भागातले शेतकरी त्यावर उन्हाळी भात काढतात. कोकणात उन्हाळ्यात हिरवे भात दिसणे किती दुर्मीळ आहे, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पिण्याचे पाणी आणि रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीचे पाणी यांचा आधारही हीच नदी आहे. त्या वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांची किंमत नदीच्या खालच्या भागाने मोजली आहे: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आरे खुर्द ते रोहा हा पट्टा आहे.

राफ्टिंगचे गणित या सगळ्यावर बेतलेले आहे. पाणी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाप्रमाणे सुटते, तराफ्यांच्या सोयीने नव्हे. म्हणून पर्यटकांना भल्या सकाळी बोलावले जाते. पाणी येण्याआधी पात्रातले दगड उघडे असतात आणि त्यांच्यावर आदल्या दिवशीच्या पाण्याची काळसर रेघ दिसते. मग धारेचा आवाज बदलतो, दगड एकेक करून बुडू लागतात आणि पाणी त्या रेघेपर्यंत चढते. जीवरक्षक जाकिटे आणि हेल्मेट घातलेली माणसे तराफ्याच्या कडेवर बसतात आणि ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’ एवढ्या तीन शब्दांवर वल्ही मारायला शिकतात. पुढचे बारा-चौदा किलोमीटर खळाळ आणि संथ डोह आलटून पालटून येतात. हिमालयातल्या नद्यांच्या मानाने हे खळाळ मध्यम, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत. नवख्या माणसाला ते झेपतात आणि मुंबई-पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते, म्हणून कोलाडचे नाव झाले. देवकुंडाची गोष्ट वेगळी आहे. तिथले पाणी कोणत्याही वेळापत्रकाने येत नाही, वरच्या पावसाने क्षणात वाढते, आणि जीव गेल्याच्या घटनांनंतर प्रशासन पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश काढते. ते पाळावेत, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

या पाण्यावरचा वाद मिटलेला नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली. भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांची मागणी त्यापुढची आहे: हे पाणी मुळातच पूर्वेचे आहे, तेव्हा वीज दुसरीकडून घ्यावी आणि पाणी पूर्वेला सोडावे. ही मागणी अन्यायाची म्हणता येत नाही. पण ती पूर्ण मान्य झाली तर डोलवहाळच्या कालव्यांवरचे उन्हाळी भात, रोह्याचे नळ आणि कोलाडच्या तराफ्यांवर पोट असलेली गावे यांच्यासाठी पाणी कुठून आणायचे, याचे उत्तर त्यासोबतच द्यावे लागेल. मुळशीच्या विस्थापितांचे वारस यांपैकी कोणत्याच बाजूला मोजले जात नाहीत.