काढणीच्या तोंडावर पाऊस: द्राक्षबागेचा पंचनामा आणि विमा

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाग काढणीला येते तेव्हा मण्यात साखर भरलेली असते. अशा वेळी पाऊस झाला की मणी पाणी ओढतो आणि साल तडकते. पहिल्या दिवशी घड धुतल्यासारखे चकचकीत दिसतात; देठाजवळची केसाएवढी चीर मणी बोटाने फिरवल्याशिवाय सापडत नाही. दोन-तीन दिवसांत तिथून रस गळतो, चिलटं बसतात, शेजारचे मणी कुजायला लागतात. हे आधी सांगतोय, कारण पंचनाम्यात नुकसान कमी लागतं ते यामुळेच.

सरकारी मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के हवं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. पाऊस उघडताच तलाठी किंवा तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या: गट क्रमांक, क्षेत्र, वाण, पावसाची तारीख. पोच घेतल्याशिवाय परतू नका. पथक लगेच आलं आणि घड वरून चांगले दिसले, तर मणी फिरवून चिरा दाखवा. टक्केवारी कमी लागली तर फेरपाहणीचा अर्ज त्याच आठवड्यात करा. कुजके घड काढावेच लागतात, पण पंचनाम्यापर्यंत ढीग बांधावर राहू द्या. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तारीख-ठिकाण दिसणारे फोटो काढा.

कागद फार नाहीत: सातबारा, आठ-अ (जमीनखात्याचा उतारा), आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, शेतकरी ओळख क्रमांक. जमिनीचं खातं सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणारी पिकाची नोंद) द्राक्ष नोंदलेलं आहे का, हे मात्र आजच बघा. आमच्या चुलत्यांच्या उताऱ्यावर पिकाच्या जागी ‘पड’, म्हणजे नापेर जमीन, लागलं होतं. बाग डोळ्यांसमोर उभी, पंचनामाही झालेला, तरी नाव यादीत आलं नाही. दुरुस्तीसाठी तीन महिने खेटे घालावे लागले.

2022 ते 2026 च्या केंद्रीय निकषांत बहुवार्षिक फळपिकांना हेक्टरी 22,500 रुपये, 2 हेक्टरपर्यंत, अशी मदत ठरवली होती. राज्य सरकार प्रसंगानुसार शासन निर्णयाने मर्यादा वाढवतं, तेव्हा तुमच्या घटनेचा निर्णय वाचा. एकरी लाखांत खर्च करणाऱ्या बागायतदाराला ही रक्कम तुटपुंजीच आहे. पावसाच्या नावाखाली व्यापाऱ्याने चांगल्या मालाचाही भाव पाडला, तर तो तोटा पंचनाम्यात धरलाच जात नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

फळपीक विम्याची वाट निराळी. हवामान आधारित योजनेत आंबिया बहारासाठी (फळांचा एक हंगाम) द्राक्षाच्या अर्जाची मुदत साधारण 15 ऑक्टोबरपर्यंत असते, म्हणजे फळछाटणीच्या धांदलीतच. अर्जासोबत बागेचा जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो आणि पीक पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र लागतं. बाग भाडेपट्ट्याची असेल तर करारनामाही द्यावा लागतो. अवेळी पावसाची भरपाई तुमच्या बागेतल्या चिखलावर नाही, महसूल मंडळातल्या (काही गावांचा मिळून गट) हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. त्यासाठी वेगळा पंचनामा नसतो. म्हणून विमा आहे म्हणून पंचनाम्याचा अर्ज सोडू नका, आणि पंचनामा झाला म्हणजे विम्याचंही झालं असं समजू नका.

गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं असेल तर मात्र 72 तासांच्या आत विमा कंपनी, बँक किंवा कृषी विभागाला कळवावंच लागतं. 14447 वर फोन केलात तर तक्रार क्रमांक मिळतो. तो अर्जाच्या पावतीवरच लिहून ठेवा.