आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि हार्मोन रोखणारी औषधं : पार्श्वभूमी

मिरजेत अँजिओग्राफी झाली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती टक्के ब्लॉकेज निघालं?" 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून जत-आटपाडीपासून ते पार अथणी-रायबागपर्यंतची माणसं उपचारांसाठी याच गावाकडे येत आली आहेत. आता ती हृदयासाठीही येतात, आणि टक्क्यांचा आकडा घेऊन घरी जातात. आकडा महत्त्वाचा आहेच. पण हृदयाच्या रक्तवाहिनीला स्नायूंची जिवंत भिंत असते. ती आकसते, सैलावते, आणि कधी काय करायचं याचे बरेचसे हुकूम तिला हार्मोनकडून मिळतात. हे हुकूम अडवले तर हृदयाला जास्त रक्त मिळेल का, हे गेली तीसेक वर्षं तपासलं जातंय.

हार्मोन म्हटलं की आपल्याकडे थायरॉइड नाहीतर पाळीच्या तक्रारी आठवतात. इथे विषय आहे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन या दोघांचा. रक्तदाब उतरला किंवा अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंडं रेनिन सोडतात. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. शिवाय मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना ते अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. मे महिन्यात जतच्या रानात दिवसभर घाम गाळणारी बाई संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी येते, त्यात या साखळीचा मोठा वाटा असतो. पण हीच साखळी वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त चालू राहिली की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं, भिंत कडक होते, हृदयाच्या स्नायूत चिवट तंतू साठत जातात.

रेनिनचा शोध 1898 चा. स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांना तो सशाच्या मूत्रपिंडात लागला. मग चाळीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. अल्डोस्टेरॉन 1953 मध्ये हाती आलं आणि त्याला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन त्याच दशकाच्या अखेरीस. अँजिओटेन्सिन अडवायची वाट मात्र सापाच्या विषातून निघाली. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावर सर्जिओ फेरेरा काम करत होते. अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या एन्झाइमला (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) रोखणारे घटक त्या विषात निघाले. त्यांचा धागा धरून अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी 1975 मध्ये कॅप्टोप्रिल बनवलं. 1981 मध्ये तिथे त्याला मंजुरी मिळाली. आज आपल्या मेडिकल दुकानांतून रोज खपणारं रॅमिप्रिल त्याच घराण्यातलं. टेल्मिसार्टन थोडं वेगळं: ते अँजिओटेन्सिन तयार होऊ देतं, पण त्याला रक्तवाहिनीच्या भिंतीवर काम करू देत नाही.

ही औषधं आली रक्तदाबासाठी. हृदयाच्या रक्तप्रवाहाशी त्यांची गाठ पडली ती 1986 नंतर. त्या वर्षी बोस्टनमधल्या डॉक्टरांनी पेशंटच्या कोरोनरी धमनीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, कॅथेटरमधून (बारीक नळीतून) अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सोडून पाहिलं. निरोगी धमनी या रसायनाने रुंदावते, कारण अस्तरातून धमनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो. आजारी धमनी पडद्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आकसली. चरबीचा थर जेमतेम दिसत होता अशा जागीही आकसली. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. धमनीत किती अडथळा आहे एवढंच आजवर मोजलं जात होतं. ती वागते कशी, हे आता मोजता येऊ लागलं.

1996 मध्ये हीच चाचणी वापरून क्विनाप्रिल तपासलं गेलं. रोज 40 मिलिग्रॅम, सहा महिने. औषध घेणाऱ्यांच्या धमन्या अ‍ॅसिटिलकोलीन दिल्यावर पहिल्यापेक्षा कमी आकसल्या. आशा वाढल्या. पण त्याच औषधाच्या 20 मिलिग्रॅमच्या डोसावर 1750 पेशंटना सरासरी सव्वादोन वर्षं ठेवलं, तेव्हा हृदयविकाराचे प्रसंग काही कमी झाले नाहीत. दुसरीकडे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात रॅमिप्रिलने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 17.8 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आणले. चाचणीत धमनी सुधारली म्हणजे माणूस वाचलाच असं नाही, हा धडा इथे मिळाला. म्हणूनच प्रवाह सुधारल्याची बातमी वाचली की पुढचा अभ्यास कुठे आहे, हे विचारलं पाहिजे.

अल्डोस्टेरॉन रोखण्याची कहाणी आणखी नाट्यमय आहे. 1999 मध्ये 1663 पेशंटवरचा अभ्यास आला. हृदयाचं पंपिंग गंभीरपणे कमी झालेल्यांत स्पायरोनोलॅक्टोनच्या 25 मिलिग्रॅमच्या आसपासच्या डोसाने मृत्यू 30 टक्के घटले. औषध जुनं, स्वस्त, आणि परिणाम एवढा! लिहून देणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्याची किंमत कॅनडात ऑन्टारिओमध्ये दिसली: रक्तात पोटॅशियम वाढून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण, हृदय कमजोर असलेल्या वृद्ध पेशंटमध्ये, हजारी 2.4 वरून 11 वर गेलं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके थांबूही शकतात. आपल्याकडे हे जास्तच सांगायला हवं. तासगावचा बेदाणा पोटॅशियमने भरलेला असतो, शहाळंही तसंच, आणि बीपीसाठी चांगलं म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात तर बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं. ही गोळी चालू असलेल्याने खाण्यातल्या या गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात आणि रक्ततपासणी टाळू नये.

राहिला प्रश्न सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा. म्हैसाळ पाणी योजनेचा मुख्य कालवा भरून वाहतोय, पण शेताकडची पोटचारी कोरडीच, असं हृदयातही होतं. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या स्वच्छ दिसतात; केसाएवढ्या वाहिन्या त्यात दिसतच नाहीत. असा त्रास बायकांमध्ये जास्त आढळतो. छाती दाबल्यासारखी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि गॅस नाहीतर टेन्शन म्हणून बोळवण होते. माझ्या मते या बायकांवर हा फार मोठा अन्याय आहे.

त्यांच्यासाठी एप्लेरेनोन हे स्पायरोनोलॅक्टोनचं भावंड तपासलं गेलं. 2014 मध्ये निकाल आला. आधीच्या औषधांच्या जोडीला सोळा आठवडे देऊनही रक्तप्रवाहात फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी टाइप 2 मधुमेह असलेल्यांवर सहा महिने स्पायरोनोलॅक्टोन दिलेला छोटा अभ्यास आला, आणि त्यात सूक्ष्म वाहिन्यांतला प्रवाह सुधारलेला दिसला. दोन्ही अभ्यास लहान, पेशंट वेगळे, मुदत वेगळी. 2024 मध्ये हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी झालेल्या 7062 जणांवर स्पायरोनोलॅक्टोनची मोठी चाचणी पूर्ण झाली. सरसकट सगळ्यांना दिल्याने मृत्यू किंवा पुढचे झटके ठळकपणे कमी झाले नाहीत. पंपिंग कमी झालेल्यांसाठी या औषधाचं स्थान पक्कं आहे. सूक्ष्म वाहिन्यांच्या आजारात ते कुणाला द्यावं, किती दिवस द्यावं, हे ठरवायला मोठ्या चाचण्या लागतील, आणि त्यांत बायकांची संख्या पुरेशी असावी लागेल.