औपचारिक भाषेचा पूरक

गणनसिद्धांतात 'भाषा' म्हणजे स्ट्रिंग्जचा (चिन्हांच्या ओळींचा) संच, एवढेच. चिन्हांची एक सान्त वर्णमाला ठरवायची, तिच्यातून बनणाऱ्या सगळ्या सान्त लांबीच्या स्ट्रिंग्ज (रिकामी स्ट्रिंगही त्यांत आली) डोळ्यांसमोर आणायच्या आणि त्यांतून भाषेतल्या स्ट्रिंग्ज वगळायच्या. उरल्या त्या स्ट्रिंग्ज म्हणजे त्या भाषेचा पूरक. शाळेतला पूरक संचच हा, फक्त विश्वसंच वेगळा. म्हणून वर्णमाला सांगितल्याशिवाय पूरकाला अर्थ नाही. 'नुसत्या 0 च्या स्ट्रिंग्ज' ही भाषा 0 या एकाच चिन्हावर घेतली तर तिचा पूरक रिकामा. वर्णमालेत 1 आला की तोच पूरक अनंत होतो.

नवशिके अडखळतात ते नकार लिहिताना. 'आधी काही 0, मग तितकेच 1' या भाषेचा पूरक 'आधी काही 0, मग वेगळ्या संख्येने 1' असा नव्हे. 10 किंवा 0110 यांत 0 आणि 1 सारखेच आहेत, पण क्रम बिघडला आहे, म्हणून त्याही पूरकातच मोडतात.

व्याख्या एवढ्यात संपते. खरा प्रश्न असा की भाषेचे वर्णन ऑटोमॅटन (चिन्हे एकेक वाचत स्थिती बदलणारे आणि शेवटी 'हो' किंवा 'नाही' म्हणणारे कल्पित यंत्र), व्याकरण (स्ट्रिंग्ज बनवण्याचे नियम) किंवा ट्युरिंग यंत्र (अमर्याद स्मृतीच्या संगणकाचे प्रतिमान) या रूपात हाती असेल, तर पूरकाचे त्याच जातीचे वर्णन मिळते का, आणि मिळाले तर ते केवढे असते?

नियमित भाषांत, म्हणजे सान्त स्थितींच्या ऑटोमॅटनला ओळखता येणाऱ्या भाषांत, उत्तर सोपे आहे. '11 हा तुकडा कुठेतरी येणाऱ्या स्ट्रिंग्ज' ओळखायला तीन स्थितींचा निश्चित (प्रत्येक चिन्हावर एकच वाट असलेला) ऑटोमॅटन पुरतो: शेवटी 1 नाही, शेवटी एक 1 आहे, 11 येऊन गेले. तिसरी स्थिती स्वीकाराची: वाचन तिथे संपले तर उत्तर 'हो'. आता स्वीकार आणि नकार यांची अदलाबदल करा, पहिल्या दोन स्थिती स्वीकाराच्या होतात आणि लगतचे दोन 1 नसलेल्या स्ट्रिंग्जची भाषा तयार होते. कोणत्या चिन्हावर कोणत्या स्थितीत जायचे हे दाखवणारा बाण एकही हलवावा लागत नाही.

मात्र या युक्तीला दोन अटी आहेत. पहिली, प्रत्येक स्थितीतून प्रत्येक चिन्हाचा बाण निघायला हवा. फक्त 01 ही एकच स्ट्रिंग स्वीकारणारा ऑटोमॅटन बहुधा तीन स्थिती आणि दोन बाणांत उरकतात. त्यात सरळ अदलाबदल केली तर रिकामी स्ट्रिंग आणि 0 एवढेच पदरी पडते. 1, 00, 010 या सगळ्या वाटेतच गळतात. म्हणून आधी एक मृत स्थिती जोडून सुटलेले सगळे बाण तिच्याकडे वळवायचे, मगच अदलाबदल.

दुसरी अट निश्चितपणाची, आणि ती जास्त खोल आहे. अनिश्चित ऑटोमॅटनला एकाच चिन्हावर अनेक वाटा असू शकतात, आणि एखादी जरी वाट स्वीकारापर्यंत पोचली तरी तो 'हो' म्हणतो. 'शेवट 1 ने होतो' यासाठी दोन स्थिती पुरतात: पहिली काहीही वाचत स्वतःपाशीच फिरते आणि एखादा 1 शेवटचा समजून दुसरीकडे उडी मारते. अदलाबदल केली की पहिली स्थिती स्वीकाराची होते. ती तर सगळेच वाचते, म्हणजे 1 सकट प्रत्येक स्ट्रिंग स्वीकारली जाते. 'एक वाट सापडली' याचा नकार 'एकही वाट नाही' असा असतो, आणि अदलाबदलीतून 'न स्वीकारणारी एखादी वाट आहे' एवढेच कळते.

उपाय राबिन आणि स्कॉट यांनी 1959 मध्ये मांडलेल्या उपसंच-रचनेचा. स्थितींच्या संचांनाच स्थिती मानून ऑटोमॅटन निश्चित करायचा आणि मग उलटवायचा. त्यात n स्थितींच्या जागी 2ⁿ पर्यंत स्थिती होऊ शकतात. इथे 'शेवटून n वे चिन्ह 1' हे उदाहरण पुष्कळदा पुढे केले जाते, पण पूरकासाठी ते फसवे आहे: निश्चित ऑटोमॅटनला 2ⁿ स्थिती लागतात हे खरे, तरी पूरक ('शेवटून n वे चिन्ह 0, किंवा लांबीच n पेक्षा कमी') अनिश्चित ऑटोमॅटनला थोडक्यात जमतो. खरी महागाई दिसते ती 'n अंतरावरची कुठली तरी दोन चिन्हे वेगळी आहेत' या भाषेत. तिला 2n + 2 स्थिती पुरतात: जागा अंदाजाने पकडायची, n घरे मोजायची, तुलना करायची. पूरकात मात्र n अंतरावरची प्रत्येक जोडी सारखी हवी, म्हणजे पहिली n चिन्हे लक्षात ठेवणे आले. n = 10 असेल तर भाषेला 22 स्थिती, तर पूरकाला अनिश्चितपणाची मुभा देऊनही किमान 1024.

संदर्भमुक्त भाषांमध्ये, म्हणजे आजूबाजूला काय आहे ते न बघता एका चिन्हाच्या जागी ठरलेला तुकडा ठेवणाऱ्या व्याकरणाच्या भाषांमध्ये, पूरक हातातून निसटतो. n वेळा अ, मग n वेळा ब, मग n वेळा क ही भाषा संदर्भमुक्त नाही; तिचा पूरक आहे, कारण क्रम चुकला, किंवा अ-ब जुळले नाहीत, किंवा ब-क जुळले नाहीत, यांतला एकच दोष निवडून दाखवला की काम झाले. याहून देखणे उदाहरण आहे 'एकच स्ट्रिंग लागोपाठ दोनदा' या भाषेचे. पूरकात विषम लांबीच्या सगळ्या स्ट्रिंग्ज येतात आणि ज्यांचे दोन अर्धे जुळत नाहीत अशा सम लांबीच्याही. या दुसऱ्या गटासाठी मध्यभागी 0 असलेली एक विषम स्ट्रिंग आणि मध्यभागी 1 असलेली दुसरी विषम स्ट्रिंग कोणत्याही क्रमाने जोडायची. लांबी 2i + 1 आणि 2j + 1 असेल तर दोन्ही मध्यांतले अंतर i + j + 1, म्हणजे नेमके एकूण लांबीच्या निम्मे. अर्धा कुठे संपतो हे न शोधताच व्याकरण न जुळणारी जोडी पकडते!

निश्चित संदर्भमुक्त भाषा (स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेली स्मृती, वापरणाऱ्या निश्चित यंत्राला ओळखता येणाऱ्या) पूरकाखाली बंदिस्त आहेत, म्हणजे पूरकही त्याच जातीचा असतो, पण तिथेही यंत्राने स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचली पाहिजे, ती न वाचता स्टॅकशी खेळत अडकून चालत नाही. सर्वसाधारण व्याकरणाच्या बाबतीत तर पूरक रिकामा आहे का हा साधा प्रश्नही अनिर्णेय आहे, म्हणजे त्याचे उत्तर दर वेळी देणारी कोणतीही यांत्रिक पद्धत नाही.

संदर्भसंवेदी भाषांचा (स्ट्रिंगच्या लांबीच्या प्रमाणातच जागा वापरणाऱ्या अनिश्चित यंत्राला ओळखता येणाऱ्या भाषांचा) पूरक संदर्भसंवेदीच असतो का, हा कुरोडा यांनी 1964 मध्ये उपस्थित केलेला प्रश्न दोन दशके लोंबकळत राहिला. 1987 मध्ये नील इमरमन आणि रॉबर्ट सेलेप्चेन्यी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे 'हो' हे उत्तर सिद्ध केले. त्यासाठी त्यांना सैद्धांतिक संगणकशास्त्रातला 1995 चा ग्योडेल पुरस्कार मिळाला. कल्पना मोजणीची आहे. यंत्र आरंभापासून किती अवस्थांपर्यंत पोचू शकते हा आकडा पायरीपायरीने काढायचा. आकडा हाती आला की तितक्या वेगवेगळ्या अवस्था अंदाजाने समोर आणून प्रत्येकीपर्यंतची वाट तपासायची. हिशेब पूर्ण भरला आणि त्यांत एकही स्वीकाराची नसेल, तर 'एकही वाट नाही' याचा पुरावा मिळाला. कुरोडांचा दुसरा प्रश्न, तितक्याच जागेत निश्चित यंत्राला हेच सारे जमते का, अजून सुटलेला नाही.

ट्युरिंग यंत्रांपाशी भेद लख्ख दिसतो. यंत्र प्रत्येक स्ट्रिंगवर थांबत असेल तर 'हो' आणि 'नाही' अदलून पूरक मिळतो. ते फक्त 'हो'च्या वेळी थांबण्याची हमी देत असेल तर मिळेलच असे नाही. भाषा आणि तिचा पूरक दोन्ही अशा यंत्रांना ओळखता आले, तर दोन्ही यंत्रे आळीपाळीने एकेक पाऊल चालवायची. कोणते तरी एक थांबणारच, म्हणजे भाषा निर्णेय ठरते. थांबण्याची समस्या (दिलेला प्रोग्राम कधीतरी थांबेल का, हे सांगणे) निर्णेय नाही हे ट्युरिंग यांनी 1936 च्या शोधनिबंधात मांडलेल्या युक्तिवादातून निघते. थांबणारा प्रोग्राम चालवून ओळखता येतो, म्हणून 'कधीच न थांबणाऱ्या प्रोग्रामां'ची भाषा ओळखणारे यंत्र असूच शकत नाही.