सिरिलिक अक्षरांवरच्या खुणा संगणकात कशा आल्या

रशियन भाषेच्या सिरिलिक लिपीत ‘ई क्रात्कये’ म्हणजे ‘आखूड ई’ नावाचे अक्षर आहे: साध्या ‘ई’च्या डोक्यावर वाटीसारखी कमान. युनिकोड या प्रत्येक अक्षराला कोड (क्रमांक) देणाऱ्या मानकात ते दोन प्रकारे लिहिता येते. एक तर अख्ख्या अक्षराचा कोड ०४३९. नाहीतर साधी ‘ई’ ०४३८ आणि तिच्यामागे कमानीची जोडखूण ०३०६. दिसायला दोन्ही सारखेच. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत मात्र पहिल्याला २ बाइट लागतात, दुसऱ्याला ४, त्यामुळे बाइट जुळवून शोधणाऱ्या प्रोग्रामला ते वेगवेगळे शब्द वाटतात. (‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ असाच आहे: एकसंध, किंवा र आणि नुक्ता.) पण रशियन ‘आ’वर आघाताची (उच्चारात जोर कुठे ते दाखवणारी) तिरकी रेघ द्यायची तर एकच वाट आहे: ०४३० आणि मागे ०३०१.

या भेदाचे मूळ जुने आहे. पीटर द ग्रेटने १७०८ मध्ये नागरी छपाईसाठी नवे वळण आणले, तेव्हा चर्चच्या पोथ्यांमधली आघातचिन्हे आणि शब्द आखडल्याची खूण ‘तित्लो’ वगळली गेली. विसाव्या शतकात ८ बिटांच्या कोडात रोजच्या लिखाणातली अक्षरेच बसवली. १९८८ च्या आयएसओ ८८५९-५ या अशाच कोडाच्या मानकात ‘ई क्रात्कये’ होते, आघाताची अक्षरे नव्हती. युनिकोडने मूळ सिरिलिक तक्ता त्याच क्रमाने उचलला. त्या मानकात जिथे क्रमांकचिन्ह आणि परिच्छेदचिन्ह होते, त्यांच्या जागा युनिकोडमध्ये रिकाम्या राहिल्या; १९९९ मध्ये तिथे मॅसिडोनियन-बल्गेरियनसाठी उलट्या रेघेची ‘ए’ आणि ‘ई’ आली. याच क्रमामुळे दोन टिंबांचे ‘यो’ ०४५१ वर, मुख्य पट्ट्याबाहेर पडले. म्हणून रेगेक्समध्ये (शोधाच्या नमुन्यात) ‘आ ते या’ अशी मर्यादा दिली की ‘यो’ हमखास सुटते.

आघाताच्या स्वरांना आता एकसंध कोड मिळून फारसा उपयोग नाही. युनिकोडच्या २००१ च्या ३.१ आवृत्तीपासून जोडणीचे नियम गोठवले आहेत. नवा कोड दिला तरी एनएफसी (अक्षर आणि खूण नियमाप्रमाणे एकसंध करणारी युनिकोडची पद्धत) त्याला सुटा करूनच ठेवील.

व्यवहारात घोटाळा होतो तो इथे. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावे सुटी करून साठवत असे. तिथली झिप विंडोजवर उघडली की फाइल दिसते, पण नाव टाइप करून शोधली तर सापडत नाही. उपाय सोपा: मजकूर आत घेतानाच एनएफसी करायचे आणि शोधशब्दही त्याच रूपात आणायचा.

आघातचिन्हे काढताना सगळ्या जोडखुणा सरसकट पुसू नयेत. तसे केले तर ‘मोय’ (माझा) या शब्दाचे ‘माई’ (माझे, अनेकवचन) होते, कारण कमानही गेली. आधी एनएफसी करा, मग उरलेले ०३०१ तेवढे काढा. हा क्रम उलटवू नका. कारण मॅसिडोनियनमधल्या मृदू ‘ग’ आणि ‘क’ यांच्यावरही तीच रेघ असते; ती पुसली जाईल.

चर्चच्या पोथ्यांच्या भाषेचे, म्हणजे चर्च स्लाव्हॉनिकचे, हाल जास्त झाले. तित्लो (०४८३) सुरुवातीपासून होते, पण शब्दावर चढवायची छोटी अक्षरे नव्हती. लोक आपल्या जुन्या डीटीपी फाँटांसारखे ८ बिटांचे खास फाँट वापरत. फाँट बदलला की मजकूर अगम्य. एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत अशी ३२ जोड-अक्षरे आणि त्यांच्यावरचे छप्पर ‘पक्रीतिये’ (०४८७) आले. ‘प्रभू’ या अर्थाचा आखडलेला शब्द आता पाच कोडांत लिहितात: ग, द, वर चढलेला स, छप्पर, शेवटी मृदुचिन्ह. चढलेला स आणि छप्पर दोन्ही एकाच जोड-वर्गात (खुणांचा क्रम ठरवणाऱ्या गटात, क्रमांक २३०) असल्याने नॉर्मलायझेशन, म्हणजे एनएफसीसारखी एकरूप करण्याची क्रिया, त्यांचा क्रम बदलत नाही. छप्पर आधी टाइप केले तर तो वेगळाच शब्द ठरतो आणि फाँटमध्ये खुणेवर खूण बसवायची जागा आखलेली नसेल, तर बरोबर क्रमातही छप्पर अक्षरावर आदळते.