जर्मनी पुढे गेला की येन खाली आला?

२०२३ मध्ये जर्मनीने जपानला मागे टाकले आणि तो जगातली तिसरी मोठी अर्थव्यवस्था झाला, ही बातमी बरीच गाजली. गंमत अशी, की महागाई वजा केली तर त्या वर्षी जर्मनीचे उत्पादन घटले होते आणि जपानचे वाढले होते. जपानचा हिशेब येनमध्ये होतो, क्रमवारी लावताना त्याचे डॉलर करतात. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ११५ येन पडत, २०२३ च्या अखेरीकडे हा दर १५० च्या घरात गेला. टोकियोतली येनमधली घरभाडी काही त्या प्रमाणात वाढली नाहीत.

चलनाचा दर आयात-निर्यात आणि भांडवलाची ये-जा यांवर ठरतो. केस कापणे, घरभाडे, शाळा यांची निर्यात होत नाही, म्हणून त्यांचे भाव त्या दरात उतरत नाहीत. यावर उपाय म्हणजे क्रयशक्ती समानता: तीच खरेदी दोन्ही देशांत करायला ज्याच्या-त्याच्या चलनात किती पैसे लागतात, त्यावरून काढलेला दर. हिचा हिशेब फार सुरेख आहे.

समजण्यापुरते आकडे घेऊ. जर्मनीत तांदूळ किलोला ४ युरो आणि पाव ३ युरो, जपानमध्ये तांदूळ ४०० येन आणि पाव ६०० येन. जर्मन घरात १ किलो तांदूळ आणि ६ किलो पाव लागतो. त्याचे जर्मनीत २२ युरो होतात आणि जपानमध्ये ४,००० येन, म्हणजे एका युरोला सुमारे १८२ येन. जपानी घराची यादी नेमकी उलटी: ६ किलो तांदूळ, १ किलो पाव. तिचे २७ युरो किंवा ३,००० येन होतात, म्हणजे युरोला १११ येन. भाव तेच, तरी उत्तरे दोन, कारण जिथे जे स्वस्त तिथे लोक ते जास्त खातात. जर्मन यादीने जपान महाग दिसतो, जपानी यादीने स्वस्त. म्हणून दोन्ही उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढतात. ते येते सुमारे १४२.

तुलनेत तिसरा देश, समजा अमेरिका, आली की नवा घोळ. जर्मनी ते जपान थेट काढलेला दर आणि अमेरिकेमार्गे काढलेला दर जुळत नाही. तेव्हा प्रत्येक देशाला मध्यस्थ धरून सगळ्या वाटांचे दर काढतात आणि त्यांचा भूमितीय मध्य (वरच्यासारखीच, गुणाकारातून मूळ काढून केलेली सरासरी) घेतात.

ओईसीडी ही बहुतांश श्रीमंत देशांची संघटना आणि युरोस्टॅट हे युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय यासाठी सुमारे ३,००० ग्राहकोपयोगी वस्तू-सेवांचे भाव जमवतात. वजन, दर्जा, पॅकिंग सारखे नसेल तर तुलनाच फसते. युरोपात भाव बहुधा राजधानीत टिपतात आणि मग देशाच्या सरासरीला आणतात. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे भाडे अंदाजाने धरावे लागते. आणि सरकारी शाळेला तर बाजारभावच नाही.

एवढे करूनही आयर्लंड हाती लागत नाही. २०१५ मध्ये त्याचा जीडीपी, म्हणजे देशातले वर्षभराचे एकूण उत्पादन, २६.३ टक्के वाढल्याचे जाहीर झाले. परदेशी कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. नफा आयर्लंडच्या खात्यावर, मालक बाहेर. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने अशी मालमत्ता आणि भाड्याने दिलेली विमाने यांची झीज वजा करून, शिवाय मुख्यालय नावापुरते तिथे आणलेल्या कंपन्यांची कमाई वगळून, 'सुधारित राष्ट्रीय उत्पन्न' हा वेगळा आकडा काढायला सुरुवात केली. लक्झेंबर्गचे दुखणे निराळे. तिथले जवळपास निम्मे कामगार रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येतात. त्यांचे उत्पादन जीडीपीत धरतात, पण लोकसंख्येत ते नसतात. 'जगातले दहा श्रीमंत देश' या फॉरवर्डमध्ये हे दोन्ही देश हटकून वर असतात. ती यादी आणि राशिभविष्य एकाच भावाने वाचावे.

राहणीमान पाहायचे तर 'प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग' हा रकाना बघावा. त्यात कुटुंबाच्या खर्चात सरकारने दिलेले उपचार आणि शिक्षणही मिळवतात, नाहीतर खासगी विम्याच्या अमेरिकेचा खर्च फुगलेला दिसतो आणि सरकारी उपचारांच्या ब्रिटनचा रोडावलेला. २०२३ मध्ये दरडोई जीडीपीत आयर्लंड युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीवर होता, या रकान्यात मात्र जेमतेम सरासरीइतका.

कामाचे तास यातही येत नाहीत. ओईसीडीच्या नोंदींत जर्मन कामगार वर्षाला साधारण १,३५० तास काम करतो, अमेरिकन १,८०० च्या आसपास. जर्मनीत अर्धवेळ नोकऱ्या जास्त असल्याने तिथली सरासरी काहीशी खाली ओढली जाते.