लेकराला काय कळतं? नागपूरच्या एका तोडग्याची पार्श्वभूमी

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. बोलणी १९२९ पासून चालली होती. बिशपपदावर बराच खल झाला, पण घरोघरी भिडणारा प्रश्न वेगळा होता: तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा (पाण्याने मंडळीत सामील करून घेण्याचा विधी) द्यायचा का? अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन लोक तो देत आले होते. नागपुरात १८४५ पासून काम करणारं स्कॉटिश मिशन याच परंपरेतलं. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांचं म्हणणं असं, की आधी स्वतःच्या तोंडची कबुली, मगच पाणी. म्हणजे ज्याला अजून काही कळत नाही, त्याला देवाची कृपा मिळू शकते का, हाच खरा वाद होता.

दोन्ही बाजू बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवत. लोक मुलांना येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, येशू शिष्यांवरच रागावतो आणि सांगतो, की देवाचं राज्य बाळकासारखं स्वीकारलं नाही तर त्यात प्रवेशच नाही. याचा अर्थ लावताना आपल्याकडे ‘मुलं म्हणजे देवाघरची फुलं’ मदतीला धावून येतं आणि सगळी गल्लत तिथेच होते. संडे स्कूलमध्ये एका रंगपेटीवरून चाललेली ओढाताण ज्याने सोडवली आहे, तो मुलांच्या निष्पापपणाची ग्वाही देणार नाही. मजकुरातही निष्पापपणाचा उल्लेख नाही. हाच प्रसंग सांगताना लूकच्या शुभवर्तमानात तर ‘तान्ही बाळं’ असाच शब्द आहे. तान्हं बाळ नम्र नसतं, श्रद्धाळूही नसतं. त्याला कडेवर घ्यावं लागतं, एवढंच.

त्या काळी तान्ह्या बाळाची किंमत काय होती, हे इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखसच्या उकिरड्यात सापडलेल्या एका पत्रातून कळतं. इ.स.पू. १ मध्ये हिलारिऑन नावाचा माणूस अलेक्झांड्रियाहून गरोदर बायकोला लिहितो: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. त्याच पत्रात बाळाची (म्हणजे आधीच्या मुलाची) काळजी घे, असंही आहे. तो काही राक्षस नव्हता. रीतच तशी होती. मूल म्हणजे ज्याचा कशावरही हक्क नाही असा जीव. राज्य अशांचं आहे, असं येशू म्हणाला होता.

मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत मुलांच्या या प्रसंगाला लागून श्रीमंत माणूस येतो. सार्वकालिक जीवन मिळवायला ‘मी काय करू?’ हा त्याचा प्रश्न. त्याने आज्ञा पाळल्या आहेत, त्याच्याकडे मालमत्ता आहे, आणि ती विकून गरिबांना दे म्हटल्यावर तो खिन्न होऊन परत जातो. हे दोन प्रसंग सुटे वाचले, की पहिला नुसता गोड वाटतो. एकत्र वाचा.

सुमारे २०० साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातला ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यान याने बाप्तिस्म्याबाबत सबुरीचा सल्ला दिला: मुलांनी यावं जरूर, पण मोठी होऊन, शिकून. अर्धशतकाने त्याच शहरात उलटा प्रश्न आला. फिदुस नावाच्या बिशपाचं म्हणणं, नवजात बाळाला आठव्या दिवसाआधी बाप्तिस्मा नको, कारण त्याच्या पायाचं चुंबन घ्यायला माणूस कचरतो. सोयर पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. कार्थेजचा बिशप किप्रियान आणि ६६ बिशपांनी उत्तर दिलं: कृपा वय मोजून मिळत नाही, बाळाचं रडणं हीच त्याची विनवणी. या वादातलं याहून चांगलं वाक्य मला तरी माहीत नाही.

पुढे २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काहींनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. कबुलीशिवाय बाप्तिस्मा म्हणजे नुसती नावनोंदणी, ही त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. उरलेल्या प्रोटेस्टंटांनी मग शिकवणीवर भर दिला. प्रेस्बिटेरियनांच्या धर्मशिक्षणातल्या वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरावलीत १०७ प्रश्न आहेत. कॅथलिकांकडे १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या कम्युनियनचं (उपासनेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचं) वय साधारण सातवर आणलं. ही भाकर रोजच्या भाकरीसारखी नाही, एवढा फरक मुलाला कळला तरी पुरे.

संडे स्कूलमधल्या पाठांतरात वाईट काही नाही. बिघडतं ते बक्षिसात. वचन बिनचूक म्हणणाऱ्याला चॉकलेट, अडखळला त्याला ‘पुढच्या रविवारी’. धडा मात्र कृपेवरचा! मूल धडा विसरतं, हिशेब लक्षात ठेवतं. चॉकलेट द्यायचंच तर वचन सुरू होण्याआधी सगळ्यांना द्यावं.

नागपूरच्या एकीकरणाने दोन्ही वाटा मान्य केल्या. पहिल्या वाटेवर बाळाचा बाप्तिस्मा होतो. शपथ आईवडील घेतात आणि मोठेपणी मूल स्वतः कबुली देतं. दुसऱ्या वाटेवर बाळाचं फक्त अर्पण होतं. प्रार्थना आणि आशीर्वाद असतो, बाप्तिस्म्याचं पाणी नसतं. बाप्तिस्मा पुढे स्वतःच्या कबुलीवर. दोन्हीकडे बाळ आधी कुणाच्या तरी हातांवर येतं आणि त्याला काहीच विचारलं जात नाही. अडचण उरते ती तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला माणूस तिशीत येऊन ‘तेव्हा मला काही कळत नव्हतं, पुन्हा द्या’ म्हणतो तेव्हा. पाळकाला त्याच्याशी निवांत बसून बोलावं लागतं, आणि बोलणं बहुतेक त्या श्रीमंत माणसाच्या प्रश्नापाशीच येऊन थांबतं.